काठीवरच्या खाचा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला प्रसंग आहे. डब्लिनचे नामांकित शल्यवैद्य विल्यम वाइल्ड पश्चिम आयर्लंडच्या डोंगराळ मुलखात फिरत असता एका गरीब शेतकऱ्याच्या घरात गेले होते. (नाटककार ऑस्कर वाइल्ड यांचे हे वडील.) परका माणूस पाहून घरची मुले भोवती गोळा झाली. आठेक वर्षांच्या एका मुलाने बहिणीला आयरिश भाषेत काहीतरी म्हटले आणि लगोलग वडिलांच्या नजरेला नजर भिडताच तो अंग चोरून मागे सरला. वडिलांनी त्याला जवळ बोलावले. ते रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवलेली एक लहानशी काठी त्यांनी कपड्याआडून बाहेर काढली आणि चाकूने तिच्यावर आणखी एक खाच पाडली. मुलाच्या तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच. आणि खाचांचा हिशेब झाला की शिक्षा.

त्या बापाचे आपल्या भाषेवर प्रेम नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. वाइल्ड यांनी विचारताच ते त्याने मोकळेपणाने बोलून दाखवले. पण मुलांना विद्या हवी, शाळेत आयरिश शिकवत नाहीत, तेव्हा इंग्रजी आलीच पाहिजे, हा त्याचा सरळ हिशेब होता. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वाइल्ड यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

आयर्लंडची कथा सांगताना लढाया, बंडे आणि फाशीचे खांब ओघानेच येतात. या देशाचे खरे दुखणे मात्र त्या झोपडीत आहे. आयर्लंडची जमीन परक्यांच्या हाती गेली होती, ती परत मिळाली. राज्य गेले होते, तेही बेटाच्या मोठ्या भागावर परत मिळाले. घराच्या उंबरठ्यावरून बाहेर पडलेली भाषा मात्र शंभर वर्षांच्या स्वराज्यानंतरही पुरती घरी आलेली नाही. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

आयर्लंडचे बेट लहान आहे. महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडे अधिक. अटलांटिकवरून येणारा पाऊस बारा महिने, म्हणून कुरणे सदैव हिरवी. पश्चिमेकडे मात्र माती कमी आणि दगड फार. तेथील शेतांचे बांधही दगडांचेच. जुन्या कुजलेल्या वनस्पतींचे पीट नावाचे थर दलदलीतून कापून, उन्हावाऱ्यात वाळवून चुलीत जाळायचे, हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. याच भूमीत बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज येथे सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी, एक दगडी समाधी आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी सूर्य या समाधीत उतरतो, अशी आसपासच्या लोकांत पूर्वापार समजूत होती. प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी ती भाबडी कहाणी म्हणून सोडून दिली नाही. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन बसले. सूर्य उगवल्यावर दाराच्या वरच्या झरोक्यातून एक किरण एकोणीस मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या गाभाऱ्यात आला आणि सुमारे सतरा मिनिटे तेथे राहिला. समाधी बांधणारे कोण होते, कोणती भाषा बोलत होते, हे काळाच्या उदरात गडप झाले. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या लोकांच्या तोंडी मात्र त्या सूर्याची आठवण होती.

आयरिश भाषा ही केल्टिक शाखेची, म्हणजे संस्कृत आणि मराठी ज्या विशाल कुळातल्या, त्याच कुळातली. दोन, तीन, सात, आठ यांना आयरिशमध्ये दो, त्री, शाख्त, ओख्त म्हणतात. राजाला 'री' म्हणतात. यावरून कोण कोठून आले याचे तर्क लढवण्याची घाई नको. सख्खी नसली तरी ही चुलत भावंडे आहेत, एवढे विद्वानांनी सिद्ध केले आहे आणि तेवढे पुरे आहे. त्याहून मनोरंजक साम्य न्यायव्यवहारातले आहे. ब्रेहन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश न्यायाचार्यांच्या प्राचीन कायद्यात, ऋणको बडा असामी असेल तर धनकोने त्याच्या दाराशी उपाशी बसावे, असे सांगितले आहे. उपाशी माणसाकडे पाठ फिरवणाऱ्याची पत जात असे. व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य राहून गेलेले हेन्री मेन यांनी १८७५ सालीच दाखवून दिले, की हिंदुस्थानातले 'धरणे' ते हेच. पुढे १९२० मध्ये कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणाअंती देह ठेवला. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणाने हुतात्मा झाले, तेव्हा मॅकस्विनी यांच्या कुटुंबीयांचा शोकसंदेश हिंदुस्थानात आला होता.

अशी ही समाजरचना सहजासहजी मोडली नाही. १३६६ साली किल्केनी येथे इंग्रजी सत्तेला कायदा करावा लागला, की इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, आयरिश न्याय मानू नये, आयरिश खेळ खेळू नयेत. जेत्यांना जितांच्या भाषेपासून वाचवण्यासाठी कायदा! दोनशे वर्षे जाताच चित्र पालटले. १६०७ साली उत्तरेकडचे सरदार देश सोडून गेले, त्यांच्या जमिनींवर इंग्लंड-स्कॉटलंडची माणसे आणून वसवली गेली, पुढे क्रॉमवेलची स्वारी झाली. १६४१ साली कॅथलिकांकडे देशातील सुमारे ५९ टक्के जमीन होती; १७०३ पर्यंत ती १४ टक्क्यांवर आली. जमिनीबरोबर सरदार गेले आणि सरदारांबरोबर कवी व शास्त्री यांचा आश्रय गेला. हे सारे डोळ्यांदेखत चालले असताना डोनेगॉलमध्ये मायकेल ओक्लेरी व त्यांचे सहकारी १६३२ ते १६३६ अशी चार वर्षे जुनी हस्तलिखिते जमवून देशाचा वर्षवार इतिहास लिहीत बसले होते. राज्य बुडत असताना बखर लिहिणाऱ्यांचे हे धैर्य लढणाऱ्यांच्या धैर्याहून कमी नव्हे.

तरीही सामान्यांची भाषा टिकून होती. कॅथलिक शाळामास्तरांवर बंदी आली, तेव्हा झुडपांच्या आडोशाला, गोठ्यात शाळा भरल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीसही आयरिश बोलणाऱ्यांची संख्या लक्षावधींत होती. मग बाजार इंग्रजी झाला, कचेरी इंग्रजी झाली, अमेरिकेच्या जहाजावर चढायचे तर इंग्रजी हवी झाली. कॅथलिकांना हक्क मिळवून देणारे थोर नेते डॅनियल ओकॉनेल आयरिश घरातच वाढले होते. पण आयरिश भाषा मागे पडली तरी आपल्याला खेद वाटणार नाही, असे तेही म्हणून गेले. १८३१ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली ती इंग्रजी माध्यमाची. काठीवरच्या खाचा या काळातल्या. शाळेत मास्तर आणि घरी बाप, दोघांनी मिळून एकच वही ठेवावी, तसा तो प्रकार होता.

त्यावर दुष्काळाचा घाला पडला. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. लाखो कुटुंबे केवळ बटाट्यावर जगत होती, कारण जमीनदाराचा खंड भागवून उरलेल्या तुकड्यात दुसरे काही पिकवून पोट भरणे शक्यच नव्हते. करपा निसर्गाचा होता. पण माणसे उपाशी मरत असताना धान्य व गुरे बंदरांतून बाहेर जात राहिली, खंड थकलेल्यांची घरे पाडली जात राहिली, हे निसर्गाचे काम नव्हते. सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिक देशाबाहेर गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाख उरली. मेले ते मुख्यतः पश्चिमेचे आणि दक्षिणेचे गरीब, म्हणजे आयरिश बोलणारे. १८५१ च्याच जनगणनेत प्रथम भाषेची विचारणा झाली, तेव्हा आयरिश जाणणारे सुमारे पंधरा लाख निघाले. १८९१ पर्यंत ते सात लाखांच्याही खाली आले. उपासमारीची भाषा म्हणून ती लोकांना नकोशी झाली. विजयी सैन्याला जे साधले नव्हते ते लाजेने साधले.

जमिनीचा लढा मात्र जिंकला गेला. स्वतः दुष्काळात बेघर झालेल्या कुटुंबातून आलेले मायकेल डेव्हिट यांनी १८७९ मध्ये लँड लीग उभी केली. पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी गावाने व्यवहार तोडले. मजूर नाही, दुकानदार नाही, टपालवाला नाही. त्याचे पीक काढण्यासाठी बाहेरून पन्नास माणसे आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई आणावे लागले. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचे सांगतात. त्या कारभाऱ्याचे आडनाव जगाच्या भाषांत शिरले. वंगभंगानंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत आलेल्या बहिष्काराला इंग्रजीत हाच शब्द वापरला गेला, आणि लोकमान्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नावही आयर्लंडच्याच चळवळीचे. १९०३ च्या कायद्यानंतर आयरिश कुळे झपाट्याने आपापल्या शेतांची मालक झाली.

जमीन हाती येऊ लागली, तेव्हा काही माणसांच्या ध्यानात आले, की तिच्यावर उभा राहणारा माणूस कोण असणार, हा प्रश्न राहिलाच आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाने मोजक्या मंडळींना जमवून गेलिक क्रीडा संघटना स्थापन केली. गावच्या धर्मक्षेत्राला एक संघ, वरती परगणा, त्यावर अखिल आयर्लंड, अशी तिची साधी बांधणी. हर्लिंग हा वाकड्या काठीने खेळायचा अतिवेगवान खेळ तेव्हा जवळजवळ लोपला होता. आज अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांवर प्रेक्षक जमतात, आणि मैदानावरचे खेळाडू सोमवारी आपापल्या कामावर जातात, कारण या खेळाचे मानधन घ्यायचे नाही हा नियम अद्याप पाळला जातो. याच मैदानात २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी गोळीबार करून चौदा माणसांचे प्राण घेतले. त्यांत मैदानावर असलेला खेळाडू मायकेल होगन होता; तेथील एका प्रेक्षागृहाला त्याचे नाव आहे.

भाषेसाठी उभे राहिले डग्लस हाइड. हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. म्हणजे रूढ हिशेबाने 'त्या' बाजूचे. रॉसकॉमनमध्ये लहानपणी शिकारखान्याच्या रखवालदाराकडून आणि शेजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ते आयरिश शिकले. १८९३ साली त्यांनी व इऑन मॅकनील यांनी गेलिक लीग स्थापन केली. सायकलीवरून गावोगाव जाणारे शिक्षक, रात्रीचे वर्ग, गाणी, नाच, नाटके, अशी ती चळवळ फोफावली. तिचे लढेही घरगुतीच. पार्सलावर आयरिशमध्ये पत्ता लिहिला तर टपालखाते घेईना. गाडीवर मालकाचे नाव आयरिशमध्ये रंगवले तर दंड होई. अशाच एका गाडीवाल्याचे वकीलपत्र तरुण पॅट्रिक पिअर्स यांनी घेतले होते. खटला हरला. ते पिअर्स पुढे १९१६ च्या उठावाचे नेते झाले आणि गोळ्या घालून मारले गेले.

या चळवळीतील एक प्रसंग भारतीय वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८९९ मध्ये माध्यमिक शाळांत आयरिश असावी की नसावी, याची सरकारी चौकशी झाली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी साक्ष दिली, की आयरिश वाङ्मय शाळेत शिकवण्याच्या लायकीचे नाही. हाइड यांनी युरोपातील पंडितांची मते मागवून ती साक्ष खोडून काढली. त्यांत संस्कृतचे जर्मन विद्वान विंडिश होते. आयरिश शाळेत राहिली. आता याच ॲटकिन्सन यांच्या हाताखाली ट्रिनिटीत संस्कृत शिकलेला एक डब्लिनचा तरुण हिंदुस्थानात सनदी नोकरीवर आला होता. त्याचे नाव जॉर्ज ग्रिअर्सन. त्यांनी भारताच्या भाषांची जी प्रचंड पाहणी सिद्ध केली, तिचा सातवा खंड सबंध मराठीचा आहे. मालवणी, वऱ्हाडी, कोकणी यांचे नमुने त्यात कोणी खेडूत बोलावे तसे टिपून ठेवले आहेत. दुसरे डब्लिनकर व्हिटली स्टोक्स. हिंदुस्थान सरकारचे कायदे रचता रचता ते जुन्या आयरिश हस्तलिखितांचे संपादन करत आणि कलकत्त्यात छापून घेत. ज्या भाषेची मायदेशी शाळेत येण्यासाठी पुढे चौकशी व्हायची होती, तिचे ग्रंथ त्याआधीच हुगळीच्या काठी छापले जात होते!

१९२२ साली स्वतंत्र राज्य झाले. संविधानाने आयरिशला राष्ट्रभाषेचा मान दिला, १९३७ च्या संविधानाने पहिल्या राजभाषेचा. आणि १९३८ मध्ये वृद्ध हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आता काय उणे? शाळेत आयरिश सक्तीची झाली, नोकरीस आवश्यक झाली. ती उत्तीर्ण झाल्यावाचून शालान्त प्रमाणपत्र मिळत नसे. ही अट १९७३ पर्यंत होती. ब्लास्केट बेटावरची पेग सेयर्स ही आयरिश लिहितावाचता न येणारी म्हातारी शेकडो कथा मुखोद्गत असलेली थोर कथेकरी. तिचे आत्मकथन शाळेत नेमले गेले आणि दोन पिढ्यांच्या मुलांनी परीक्षेच्या धास्तीने तिच्या नावाचाच तिटकारा घेतला. तिचे बेट तर १९५३ मध्ये कायमचे रिकामे झाले. ज्या पश्चिम किनाऱ्यावर आयरिश घराघरांत बोलली जात होती, तेथे रोजगार नव्हता. सरकारने भाषेला मखरात बसवले आणि भाषा बोलणारी पोरे बॉस्टनच्या बोटीत बसली. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १८ लाख ७३ हजार ९९७ जणांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर रोज ती बोलणारे त्यांत ७१ हजार ९६८ होते. या दोन आकड्यांमधली दरी कोणत्याही कायद्याला बुजवता आलेली नाही.

सरकारी कामांतले एक मात्र मनःपूर्वक गौरव करावे असे. १९३५ साली लोकवाङ्मय आयोग नेमला गेला. शेमस ओडुलार्गा यांच्या नेतृत्वाखाली त्याचे संकलक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे अवजड यंत्र घेऊन घरोघर बसले. मजकूर उतरवून झाला की मेण तासून नळकांडे पुन्हा वापरायचे, इतकी काटकसर. १९३७ मध्ये त्यांना एक नामी युक्ती सुचली. सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना सांगण्यात आले, की दर आठवड्याला घरच्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून आणा: गावातली विहीर, जुने उपचार, दुष्काळाच्या आठवणी, शेतांची नावे, भुताखेतांच्या गोष्टी. सुमारे पन्नास हजार मुलांनी दीड वर्षात हे काम केले आणि सुमारे सात लाख चाळीस हजार पाने जमली. त्यांतली पुष्कळ इंग्रजीत आहेत, कारण आजोबांची भाषा तोवर बदलली होती. पण काय सांगायचे ते आजोबांजवळ शिल्लक होते. खाचांच्या काठीला हे खरे उत्तर. एके काळी शाळेने मुलाला घरचे विसरायला लावले. याच शाळेने आता त्याला घरी विचारायला पाठवले. २०१७ साली युनेस्कोने हा संग्रह जगाच्या स्मृतिसंचितात नोंदवला.

उत्तर आयर्लंड ब्रिटिश राज्यातच राहिला. तेथील न्यायालयांत आयरिश वापरण्यास मनाई करणारा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. याच उत्तरेत, बेलफास्टमध्ये, १९६० च्या दशकात काही तरुण दांपत्ये एकत्र आली. आयरिश त्यांची मायबोली नव्हती. सायंवर्गांत बसून शिकलेली होती. त्यांनी वर्गणी काढून शॉज रोडवर जागा घेतली, लगतलगत घरे बांधली आणि १९६९ पासून तेथे राहून मुलांशी फक्त आयरिश बोलायचे ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दंगलीत शहराची बॉम्बे स्ट्रीट नावाची गल्ली जाळली गेली, तेव्हा तीही पुन्हा उभारायला यांच्यातील माणसे धावली. १९७१ मध्ये नऊ मुलांची शाळा त्यांनी वस्तीत काढली. मान्यता नाही, अनुदान नाही. मास्तरांचा पगार गावातून गोळा करायचा. उत्तर आयर्लंडात आज आयरिश माध्यमातून शिकणारी मुले सुमारे सात हजार आहेत. त्या पहिल्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली १९८४ साली. तोवर पहिल्या तुकडीतील नऊ मुले मोठी झाली होती.